पासवर्डशेजारची चित्रं, रात्री एकचं काम आणि बिग ब्रदरची चावी

लोटस नोट्स ज्यांनी ऑफिसात वापरलंय, त्यांना पासवर्डच्या चौकटीतली ती छोटी चित्रं नक्की आठवत असतील. अक्षरं टाकत जावं तशी ती बदलायची. अनेकांना ती शोभेची वाटत, पण ती कामाची होती. चित्रं तुमच्या पासवर्डावरूनच ठरत. तोच पासवर्ड टाकला की रोज तीच चित्रं. कुणी हुबेहूब दिसणारी खोटी चौकट समोर आणली तर चित्रं चुकतील आणि रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते खटकेल, हा त्यामागचा हेतू. शिवाय एका अक्षराला कधी एकच एक्स उमटे, कधी दोन-तीन. मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरी आहे, एवढंही कळू द्यायचं नव्हतं.

लॉगिनच्या चौकटीवर एवढं डोकं लावणाऱ्यांनी तिच्यामागचा सर्व्हर किती विचारानं बांधला असेल! त्याचं नाव डॉमिनो. मेल, कॅलेंडर, रजेचे अर्ज, मंजुऱ्या, करारांचे कागद, सगळं त्याच्या पोटात. त्याच्या अ‍ॅडमिनला मशीन तर चालू ठेवावं लागतंच; पण त्याचा जास्त वेळ जातो तो माणसांची नावं, हक्क आणि कागद सांभाळण्यात. म्हणून तर या कामातल्या गमती सांगण्यासारख्या आहेत.

मूळ १९७३चं

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकावरून शिकवण्याची यंत्रणा होती. तिच्यातल्या चुका नोंदवायला डेव्हिड वूली यानं १९७३ मध्ये ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. तिथं शिकलेल्या रे ओझीच्या डोक्यातून ती कल्पना गेलीच नाही. १९८४ मध्ये त्यानं ‘आयरिस असोसिएट्स’ काढली आणि पैसा पुरवला लोटस कंपनीनं. लोटसचा संस्थापक मिच केपॉर एकेकाळी महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान शिकवायचा. कंपनीचं नाव त्यानं पद्मासनावरून ठेवलं होतं.

आयरिसनं घडवलेल्या नोट्सची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८९ मध्ये बाजारात आली. त्याआधीच प्राइस वॉटरहाउसनं १०,००० प्रतींची मागणी नोंदवली होती. १९९५ मध्ये आयबीएमनं ३.५ अब्ज डॉलर मोजून लोटस घेतली, ती प्रामुख्यानं नोट्ससाठी. पुढच्या वर्षअखेरीस सर्व्हरला डॉमिनो हे नाव मिळालं. आता तो नोएडाच्या एचसीएलचा आहे. १.८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात आयबीएमची आणखी काही उत्पादनं आणि डॉमिनो असं सगळं २०१९ च्या मध्यावर भारतीय मालकीचं झालं.

सगळंच ‘नोट’

डॉमिनोचा डेटाबेस म्हणजे एक एनएसएफ फाइल. तिच्यातला प्रत्येक कागद ही एक नोट. इथपर्यंत ठीक. पण तो कागद ज्या फॉर्मवर भरला तो फॉर्मही नोट, ज्या यादीत तो दिसतो ती यादीही नोट आणि तो कोणी पाहायचा हे ठरवणारी परवानग्यांची यादी, तीसुद्धा नोटच! त्यामुळे एक फाइल उचलली की माहिती, प्रोग्रॅम आणि पहारा तिन्ही एकदम हलतात. ठरावीक रकाने नाहीत, टेबलं नाहीत. ‘नोएसक्यूएल’ हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या वीस वर्षं आधीची ही रचना. डेमियन कॅट्झ हा नोट्सवर काम केलेला प्रोग्रॅमर. त्यानं २००५ मध्ये कामाला सुरुवात केलेल्या काउचडीबीत ही कल्पना उघडउघड दिसते.

जाता जाता: प्रत्येक डेटाबेसला १६ आकडी-अक्षरी रेप्लिका आयडी असतो. तो मुळात डेटाबेस जन्मला त्या क्षणाची वेळच असतो. वाचता येणाऱ्याला त्यातून जन्मवेळ काढता येते.

एकाच कागदावर दोघांचा हात

१९८९ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून मोडेमनं जोडणं महाग होतं. म्हणून नोट्सनं वेगळी वाट धरली: प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रत ठेवायची आणि सवडीनं दोन प्रतींमधले फरक जुळवून घ्यायचे. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. फिरतीवरचा माणूस लॅपटॉपवर बिनाइंटरनेट दिवसभर काम करी आणि रात्री हॉटेलच्या फोनवरून प्रत जुळवून टाकी.

पण मुंबईच्या प्रतीत एकानं आणि नागपूरच्या प्रतीत दुसऱ्यानं तोच कागद दुरुस्त केला तर? डॉमिनो कुणाचंच लिहिलेलं फेकत नाही. ज्या प्रतीत कागद जास्त वेळा सेव्ह झाला ती मुख्य ठरते. बरोबरी झाली तर शेवटी सेव्ह केलेली जिंकते. हरलेली प्रत ‘रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्ट’ असा शिक्का घेऊन मुख्य कागदाखाली जाऊन बसते, माणसानं निवाडा करेपर्यंत. दोघांनी वेगवेगळी फील्ड बदलली असतील आणि फॉर्म तसा बनवला असेल, तर दोन्ही बदल आपोआप एकत्रही होतात. आजच्या कितीतरी ॲपमध्ये शेवटी सेव्ह करणारा आधीच्याचं काम गुपचूप पुसतो. त्यापुढे डॉमिनोची ही पद्धत कितीतरी सभ्य आहे.

नव्वदचं कोडं

नव्या अ‍ॅडमिनला हमखास चकवणारी गोष्ट. कागद डिलीट केला तरी तो पूर्ण जात नाही. त्याच्या जागी एक छोटी खूण उरते, तिला ‘डिलीशन स्टब’ म्हणतात. ही खूणच दुसऱ्या प्रतींना सांगते, की अमुक कागद काढलाय, तुम्हीही काढा. मग खुणेचं काम कधी संपतं? रेप्लिकेशन सेटिंगमध्ये एक ओळ आहे: गेल्या ९० दिवसांत न बदललेले कागद काढून टाका. तिच्यापुढे टिक करायची जागा आहे. टिक नसेल तर ओळ लागूच नाही, असं कुणालाही वाटेल. पण टिक नसली तरी तो ९० आकडा जागाच असतो, कारण खुणा किती दिवस ठेवायच्या ते तोच ठरवतो.

आता समजा एक लॅपटॉप चार महिने कपाटात पडून होता. मधल्या काळात ऑफिसनं शंभर कागद काढले आणि त्यांच्या खुणाही मुदत संपून गेल्या. कपाटातल्या प्रतीत ते शंभर कागद अजून ठणठणीत. कुणी रेप्लिकेशनची हिस्टरी, म्हणजे मागे कधी जुळवलं त्याची नोंद, पुसून ती प्रत सर्व्हरशी जुळवली, की सर्व्हरला वाटतं हे नवेच कागद आले! मधल्या काळात काढून टाकलेला पुरवठादार सोमवारी सकाळी यादीत हजर. पुढच्या आवृत्त्यांनी यावर तोडगा दिला, पण तो चालू करावा लागतो. आणि त्या ओळीवर खरंच टिक केली तर? मग त्या प्रतीतून जुने कागद निघून जातात. म्हणून तिथं हात लावताना दोनदा वाचावं.

मॅनेजरलाही न दिसणारा कागद

डॉमिनोत हक्कांच्या सात पायऱ्या आहेत. वर मॅनेजर, तळाला ‘नो अ‍ॅक्सेस’. त्याच्या एक पायरी वर ‘डिपॉझिटर’: कागद टाकता येतो, पण आत काय आहे ते पाहता येत नाही, अगदी ऑफिसातल्या तक्रारपेटीसारखा.

याहून सुरस आहे ते रीडर्स फील्ड. एखाद्या कागदात या फील्डमध्ये तीन नावं लिहिली की तो त्या तिघांनाच दिसतो. डेटाबेसचा मॅनेजर असलेल्या अ‍ॅडमिनलाही तो यादीत दिसत नाही. अ‍ॅडमिनला सगळं पाहता येईल असा ‘फुल अ‍ॅक्सेस’ पुढे सहाव्या आवृत्तीत आला.

आणि इथंच एक सुंदर कोडं तयार होतं. पुण्याच्या सर्व्हरवर कागद आहे, बंगळुरूच्या सर्व्हरवर नाही. रेप्लिकेशन सुरळीत, लॉगमध्ये एकही एरर नाही. तरी कागद पोचत नाही. का? रीडर्स फील्डमध्ये माणसांची नावं आहेत, पण बंगळुरूच्या सर्व्हरचं नाव नाही! डॉमिनोच्या लेखी सर्व्हरही एक वाचकच असतो. त्याला परवानगी नसेल तर त्याच्या हाती कागद पडतच नाही. जाणकार प्रोग्रॅमर म्हणूनच रीडर्स फील्डमध्ये सर्व्हरांचा गट आधीच घालून ठेवतात.

लग्नानंतरची फेरी

महाराष्ट्रात लग्नानंतर अनेकींचं नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदलतं. एचआरची चिठ्ठी येते, अ‍ॅडमिन ‘रीनेम’ करतो आणि मग ‘अ‍ॅडमिन-पी’ नावाचं काम सुरू होतं. ते एकेक विनंती हातात घेऊन डिरेक्टरी, गट, परवानग्यांच्या याद्या असं घरोघर फिरतं. नवं नाव स्वीकारायला डॉमिनो मुळात २१ दिवसांची मुदत देतो. रजा लांबली तर मुदत टळते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पण खरी गोम पुढं आहे. कुठल्या सर्व्हरनं नाव बदलायचं आणि रीडर्स फील्डमधली नावंही बदलायची का, हे दर डेटाबेसला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं नसेल तर कागदांवर माहेरचंच नाव राहतं आणि तिनं स्वतः लिहिलेले कागद तिलाच दिसेनासे होतात. हे टाळायचं तर ती एक नोंद डेटाबेस बनवतानाच करावी. मिनिटाचं काम आहे.

रात्री एक वाजता

डॉमिनोच्या नोट्स-आयएनआय फाइलमध्ये सर्व्हरचं रात्रीचं वेळापत्रक असतं. मूळ मांडणीत एक वाजता ‘कॅटलॉग’ आणि ‘डिझाइन’, दोन वाजता ‘अपडॉल’, पाच वाजता ‘स्टॅटलॉग’. यातला डिझाइन भलता शिस्तीचा. तो प्रत्येक डेटाबेस त्याच्या टेम्प्लेटशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की टेम्प्लेटप्रमाणे करतो. दिवसभर खपून कुणी डेटाबेसमध्येच बटणाचा रंग बदलला असेल, तर सकाळी बटण जुन्या रंगात! दुरुस्ती टेम्प्लेटमध्येच करायची, हे त्या एक वाजताच्या कामामुळे सगळे शिकतात.

कोटा फुल्ल

‘एवढे मेल उडवले तरी मेलबॉक्स भरलेलाच कसा?’ हा फोन प्रत्येक अ‍ॅडमिननं घेतलाय. मेल गेला तरी फाइल आकसत नाही, आत फक्त मोकळी जागा होते. ती परत मिळवायला कन्सोलवर ‘लोड कॉम्पॅक्ट’ चालवावं लागतं. फाइलची नवी प्रत बनवणारा प्रकार वापरायचा तर आधी डिस्कवर तेवढीच जागा रिकामी हवी. म्हणजे डिस्क काठोकाठ भरल्यावर कॉम्पॅक्ट आठवला तर उशीर झालेला असतो.

मेलबद्दलच आणखी एक. पोचवताही आला नाही आणि पाठवणाऱ्याला परतही करता आला नाही, असा मेल ‘डेड’ म्हणून सर्व्हरच्या ‘मेल डॉट बॉक्स’ फाइलीत पडून राहतो, अ‍ॅडमिनची वाट पाहत.

एफ-५

जगभर एफ-५ म्हणजे रिफ्रेश. जुन्या नोट्समध्ये एफ-५ म्हणजे कुलूप! दाबलं की पासवर्ड मागणारच. रिफ्रेशसाठी एफ-९.

बिग ब्रदर, खराखुरा

सार्वजनिक चावीचं आरएसए तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या पहिल्या व्यापारी सॉफ्टवेअरांत नोट्सची गणना होते. पण त्या काळी अमेरिका मजबूत कूटलेखन परदेशी विकू देत नसे. १९९६ मध्ये तोड निघाली ती अशी: परदेशी आवृत्तीत चावी ६४ बिटांची, पण तिच्यातले २४ बिट अमेरिकेच्या एनएसए या हेर संस्थेच्या चावीनं बंद करून संदेशासोबतच पाठवायचे. बाकी जगाला ६४ बिट फोडावे लागतील, एनएसएला फक्त ४०. लोटसनं हे लपवलं नव्हतं; तरी स्वीडनमध्ये १९९७ मध्ये यावरून गदारोळ झाला, कारण तिथल्या संसदेत नोट्स वापरात होतं.

पुढे अ‍ॅडम बॅक या कूटलेखन-तज्ज्ञानं सॉफ्टवेअर उलगडून ती चावी शोधली. तिच्यावर नाव काय असावं? संस्था ‘मिनिट्रूथ’, व्यक्ती ‘बिग ब्रदर’. ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीतली ही दोन्ही नावं कुणीतरी थेट चावीत कोरून ठेवली होती. कुणाच्या हाती काय देतोय याची त्या माणसाला पुरेपूर जाणीव होती आणि तो गप्प बसला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आठशे प्रती, एक फाइल

दिवाळीच्या सुट्ट्यांचं ५ एमबीचं परिपत्रक आठशे जणांना गेलं की सर्व्हरवर ४ जीबी खर्ची. साडेआठव्या आवृत्तीत ‘डाओस’ आलं आणि अटॅचमेंट एकदाच वेगळ्या एनएलओ फाइलीत राहू लागली. मेलमध्ये फक्त तिचा पत्ता. ४ जीबीचे ५ एमबी! मात्र या एनएलओ फाइली सर्व्हर मुळात स्वतःच्या चावीनं बंद करून ठेवतो. ती चावी ‘सर्व्हर डॉट आयडी’ या चिमुकल्या फाइलीत असते.

आणि म्हणूनच एक कळकळीची विनंती. तुमच्या ऑफिसात, बँकेत किंवा कारखान्यात कोपऱ्यातला जुना डॉमिनो सर्व्हर बंद करायचं चाललं असेल, तर नुसत्या एनएसएफ फाइली टेपवर उतरवून मोकळे होऊ नका. एनएलओ फाइली घ्या. सर्व्हर-आयडी घ्या, संस्थेचा सर्ट-आयडी घ्या, आणि दोन्हींचे पासवर्ड माहीत असलेला माणूस निवृत्त होण्याआधी ते लिहून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. कुणी कागद स्वतःच्या चावीनं बंद केले असतील तर त्याच्याकडूनच उघडून घ्या, कारण त्याच्या आयडी फाइलीवाचून ते अ‍ॅडमिनलाही उघडत नाहीत. मग दुसऱ्या मशीनवर सगळं लावून जुना एखादा करार, त्याच्या अटॅचमेंटसकट, उघडून पाहा. तो उघडला, की खुशाल स्विच बंद करा.