निमंत्रणपत्रिकेतील दोन शब्द

व्यावसायिकांच्या परिचय-संमेलनांची जी निमंत्रणे अलीकडे निघतात, त्यांवर स्थळ आणि वेळ यांच्या खाली 'स्मार्ट कॅज्युअल' असे दोन शब्द पुष्कळदा छापलेले असतात. रायपूरसारख्या शहरात, जिथे पोलादाचे कारखानदार, भातगिरण्यांचे मालक, वकील, डॉक्टर आणि नव्याने नोकरीच्या शोधात आलेले अभियंते एकाच दिवाणखान्यात भेटतात, तिथे या शब्दांनी निर्माण होणारा गोंधळ लहान नसतो. खेड्यातून शिकून आलेला तरुण अशा संमेलनास प्रथमच जात असेल, तर आपला पोशाख चुकला या शंकेनेच तो संध्याकाळभर भिंतीशी उभा राहतो. ज्या ओळखींसाठी तो आलेला असतो, त्या मग होतच नाहीत.

वस्तुतः या शब्दांचा अर्थ वजाबाकीचा आहे. थंड हवेच्या देशांत कोट, टायी आणि गडद पाटलोण हा व्यवसायातील पूर्ण वेष मानला गेला. त्यातून टायी काढली, कोट थोडा सैल व फिक्या रंगाचा घेतला, की जो मधला वेष उरतो त्याला हे नाव मिळाले. परंतु ज्याने टायी कधी बांधलीच नाही, त्याने वजा काय करावे? हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही.

पोशाखाचा संकेत अलिखित राहिला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण छत्तीसगढमध्येच घडले. ९ मे २०१५ रोजी पंतप्रधान बस्तरच्या दौऱ्यावर आले असता बस्तर व दंतेवाडा या जिल्ह्यांच्या तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांच्या वेषाबद्दल राज्य शासनाने हरकत घेतली. त्यांपैकी एकाने रंगीत सदरा घातला होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. आधार घेतला गेला तो अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांचा. अधिकाऱ्याने आपल्या पदास न शोभणारे काही करू नये, असे तो नियम सांगतो. कापड, गळा किंवा रंग यांविषयी त्यात अवाक्षर नाही. प्रसंग राजशिष्टाचाराचा होता, म्हणून बंद गळ्याच्या कोटाची अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण ऊन मे महिन्याचे होते, हेही तितकेच खरे.

उन्हाचा हा मुद्दा गौण नव्हे. रायपूरला मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. वकिलांच्या पोशाखाचे नियम तसे कडक. तरीही सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती त्यांत ठेवलेली नाही. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. उन्हाळ्यात कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे आणि कर्मचाऱ्यांनी कोट-टायी घरी ठेवावी, अशी मोहीमच त्याने काढली. हवाई बेटांवर तर १९६० च्या दशकातच फुलाफुलांचा सैल सदरा शुक्रवारी कचेरीत मान्य झाला होता. आपल्याकडे १९७० च्या दशकात लोकप्रिय झालेला सफारी सूट हाही याच प्रश्नाला दिलेला एक जबाब होता. मात्र तो बहुधा कृत्रिम धाग्याच्या कापडाचा शिवला जाई आणि त्यामुळे गारव्याचा मूळ हेतूच बाजूला पडे!

छत्तीसगढजवळ याहून चांगले उत्तर आहे, ते कोशाच्या कापडाचे. ऐन, अर्जुन आणि साल या झाडांवर वाढणाऱ्या रानटी रेशीमकिड्यांच्या कोशांपासून हा धागा निघतो. चांपा व रायगढ येथील विणकरांनी त्याची कीर्ती दूरवर नेली. त्याचा मधासारखा नैसर्गिक रंग आणि किंचित खरखरीत पोत यांमुळे ते भपकेबाज न वाटता भारदस्त दिसते. मधल्या वेषाला नेमके हेच हवे असते. तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. रेशमावर घामाचे डाग लगेच उमटतात. म्हणून भर उन्हाळ्यात कोशाचा सदरा अंगालगत घालण्यापेक्षा साधा सुती सदरा घालून त्यावर कोशाचे बिनबाह्यांचे जाकीट घालणे अधिक सोयीचे. जाकीट नसले तरी अडत नाही. अंगाला नीट बसणारा, इस्त्री केलेला फिका सुती सदरा, गडद पाटलोण आणि पुसलेले कातडी बूट एवढ्याने काम भागते. खांद्याची शिवण खांद्यावरच असावी. ती दंडावर उतरली, की महागडा सदराही मागून आणलेला दिसतो. दुचाकीवरून येणाऱ्याने गमछा आणि धूळ दाराबाहेरच झटकावी व त्यासाठी दहा मिनिटे आधी पोहोचावे.

स्त्रियांच्या बाबतीत निमंत्रणपत्रिका जवळजवळ मूक असते, कारण ही सारी वर्गवारीच पुरुषांच्या कोटावरून ठरलेली आहे. साडी औपचारिक की साधी, हे तिचे कापड, काठ आणि नेसण्यातील नेटकेपणा ठरवितात. लग्नसमारंभातील जरीची साडी येथे जड होते. सुती किंवा बारीक काठाची कोशाची साडी, अथवा साधी सलवार-कुडती शोभते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. नावाची पट्टी अडकविण्याचा चिमटा पुरुषाच्या खिशाचा विचार करून बनविलेला असतो. तो पदराला लावला, तर कोशाचे धागे ओढले जातात. संयोजकांनी गळ्यात घालावयाच्या फितीची सोय केली, म्हणजे हा प्रश्न सुटतो आणि समोरच्या माणसाला नावही सहज वाचता येते.