सूर आणि संगणक (भाग 7) : तंबोऱ्याची आस

आतापर्यंतच्या भागांत एक सूत्र पुन्हा पुन्हा आलं. कान वाद्य ओळखतो ते बहुतेक वेळा आवाजाच्या सुरुवातीवरून. पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने 1948 मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षणच कापून टाकला, आणि उरलेला नाद घंटेचा वाटेना. म्हणून संगणकावर वाद्य घडवणारे लोक पहिल्या काही शतांश सेकंदांवर जीव टाकतात. पियानोचा हातोडा, बासरीची फुंक, सतारीवरचा मिजराबीचा आघात जमला की अर्धी लढाई जिंकली.

तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र हे सूत्र उपयोगाचं नाही. तंबोऱ्यात आघात जवळजवळ नसतोच. बोट तारेवरून हलकेच सरकतं आणि जे काही व्हायचं ते त्यानंतर होतं. तार सुटल्यावर तिच्यातून एकामागून एक स्वर उमलत जातात, त्याला आपण आस म्हणतो. संगणकाला खरी अडचण येते ती तिथेच.

वरवर पाहिलं तर हे सगळ्यांत सोपं वाद्य आहे. चार तारा, एकच क्रम, मींड नाही, गमक नाही, वाजवणाऱ्याने काही दाखवायचं नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यानंतर ही पेटी गावोगावी गेली आणि आता तर ती मोबाइलमध्येच आली आहे. आमच्या पाटण-कऱ्हाड भागात भजनाला बसलेल्या मंडळींच्या पेटीशेजारी फोन ठेवलेला दिसतो, आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही. मीही मुरडत नाही. पण अशातला एखादा स्वस्तातला तंबोरा अर्धा तास लावून ठेवा. काही वेळाने कान थकतो. खऱ्या तंबोऱ्याने असं होत नाही. हा फरक येतो कुठून?

तो येतो घोडीतून. गिटारची घोडी धारदार असते. तार एका रेषेवर टेकते आणि तिथेच संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या पाठीला अगदी किंचित गोलाई असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तार त्या धाग्यावर टेकते, आणि कंप पावताना खाली आली की धाग्याच्या पुढच्या बाजूला घोडीच्या पाठीला चाटून जाते. प्रत्येक कंपनात एकदा, म्हणजे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा. जवारी म्हणतात ती हीच. कारागीर कानशीने घोडीची पाठ घासून घेतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. धागा केसभर पुढे-मागे केला तरी आवाज बंद होतो किंवा खुलतो.

यात भौतिकशास्त्राला धक्का देणारी गोष्ट आहे. थॉमस यंगने 1800 च्या सुमारास सांगितलेला नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या उपस्वराचं स्थिर ठिकाण असेल तो उपस्वर उमटणार नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सम उपस्वर गायब व्हायला हवेत. तंबोरा मध्याच्या आसपासच छेडतात. मग त्याचा आवाज पोकळ, अर्धा यायला हवा. येतो मात्र भरगच्च. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात नेमकं हेच नोंदवलं. तंबोरा आणि वीणा यांच्यात जे उपस्वर नसायला हवेत ते ठणठणीत ऐकू येतात, कारण तार वक्र घोडीला घासत राहते. ही घासणी खालच्या स्वरांतली ऊर्जा उचलून वरच्या स्वरांकडे पाठवते. कंपन जसजसं मंदावतं तसतसा वरच्या स्वरांचा हा पुंजका हळूहळू खाली उतरत जातो. तंबोऱ्याच्या एका तारेवर कान ठेवला की शिट्टीसारखा काहीतरी स्वर वरून खाली ओघळताना जाणवतो, तो हाच पुंजका.

जवारी लावण्याचं हे काम ज्या गावात होतं ते आमच्यापासून दूर नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार या धंद्यात आले, सतारमेकर झाले आणि त्यांच्या नावाची गल्ली झाली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात होता. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं हे बरं झालं, पण कागदावर लिहिलेल्या वर्णनात जवारी सापडत नाही. ती ज्याच्या कानात आहे त्याच्याकडेच जावं लागतं.

आता संगणकाकडे वळू. पहिला मार्ग मागच्या भागातलाच, म्हणजे खऱ्या वाद्याचे नमुने ध्वनिमुद्रित करायचे आणि हवे तेव्हा वाजवायचे. तंबोऱ्यासाठी हा मार्ग चांगला आहे, पण आळसाने केला की फसतो. चार तारांचे चार नमुने घेतले आणि तेच फिरवत राहिलं, तर प्रत्येक आवर्तन हुबेहूब सारखं येतं. खऱ्या तंबोऱ्यात कुठलीही दोन आवर्तनं सारखी नसतात. बोट थोडं वर-खाली पडतं. शिवाय नवी तार छेडली तेव्हा आधीच्या तारा वाजतच असतात. चार तारांचं आवर्तन चार-पाच सेकंदांत पुरं होतं, खर्ज मात्र त्यानंतरही बराच वेळ गुंजत राहतो आणि तबलीमार्फत बाकीच्या तारांना हलवत राहतो. जोडीच्या दोन तारांमध्ये पाव हर्टझचा फरक असला तर चार सेकंदांनी एकदा आवाज फुगतो आणि बसतो. आवर्तनाशी या फुगण्याचा मेळ नसतो, म्हणून ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते सांगता येत नाही आणि कान जागा राहतो. कान थकवणारी गोष्ट केवळ आवाजाचा पोत नसते, तंतोतंत पुनरावृत्तीही असते.

म्हणून स्वतः नमुने घेणार असाल तर एका तारेचे निदान आठ-दहा वेगवेगळे छेड घ्या, प्रत्येक आस पूर्ण विरेपर्यंत थांबा, आणि सॉफ्टवेअरला ते आलटून-पालटून, क्रम न ठेवता वाजवायला सांगा. चारही तारा एकत्र वाजत असतानाचं एक लांब ध्वनिमुद्रणही ठेवा आणि ते अगदी हळू आवाजात खाली मिसळा. तारांमधली देवाणघेवाण त्यातून थोडीफार येते.

इथे पाटणकरांसाठी एक खास सूचना. आपल्याकडची वीज 50 हर्टझची, त्यामुळे चोक, ट्रान्सफॉर्मर, फ्रिज यांची घरघर मुख्यतः 100 हर्टझवर असते. काळी एकचा पुरुषी तंबोरा घेतला तर खर्ज 69.3 हर्टझ आणि पंचमाची तार साधारण 104 हर्टझ. म्हणजे ही घरघर पंचमाच्या जेमतेम चार हर्टझ खाली येते आणि त्याच्याशी सेकंदाला चारदा थरथरते. कोयनेचं धरण आमच्याच तालुक्यात, आणि वीज आमच्याच पंचमाला खाली ओढते! नंतर चाळणी लावून 100 हर्टझ काढायला गेलात तर शेजारचा पंचमही ओरबाडला जातो. त्यापेक्षा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर भिंतीतून काढा, ट्यूब बंद करा. वीज गेली की ध्वनिमुद्रणाला बसावं, असं मी गंभीरपणे सांगतो. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात मात्र हा सल्लाही कामाचा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तारच गणितात बांधायची. केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी 1983 मध्ये मांडलेली युक्ती इतकी छोटी आहे की शाळकरी मुलालाही ती करून पाहता येईल. संगणकाच्या स्मृतीत काहीशे आकड्यांची एक रांग घ्या आणि तीत वाटेल ते आकडे भरा. हा झाला छेड. मग ती रांग रहाटासारखी फिरवा. प्रत्येक गाडगं वर आलं की त्यातला आकडा ऐकवायचा आणि त्याची शेजारच्या आकड्याशी सरासरी काढून परत खाली सोडायचं. दर फेरीत चढउतार गुळगुळीत होत जातात, म्हणजे वरचे स्वर आधी विरतात, खालचे मागे राहतात. छेडलेली तार असंच वागते. काही ओळींच्या कोडमधून चक्क तारेचा आवाज येतो, हे पहिल्यांदा ऐकताना अजूनही खरं वाटत नाही.

रांगेची लांबी स्वर ठरवते. सेकंदाला 44,100 आकडे धरले तर काळी एकच्या जोडीसाठी, म्हणजे 138.6 हर्टझसाठी, एका फेरीला 318.2 आकडे लागतात. सरासरी काढताना अर्ध्या आकड्याचा उशीर होतो, तो धरून 318 घरांची रांग घेतली तर स्वर दीड सेंटने उतरतो. एक सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, तेव्हा एवढं चालून जातं. पण तीन सप्तकं वर जा, रांग चाळीसच्या आत येते आणि घरं पूर्णांकातच मोजायची असल्यामुळे चूक बारा सेंटपर्यंत पोचते. हे कुठल्याही गवयाला खपणार नाही. डेव्हिड जॅफे आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी अपूर्णांकाचा उशीर देणारी चाळणी जोडून हा प्रश्न सोडवला.

तरीही हा आवाज गिटारचा, फार तर संतूरचा वाटतो. कारण उघड आहे. यात घोडी धारदारच राहिली. वरचे स्वर आधी विरतात, आणि तंबोऱ्यात तर ते छेडल्यानंतर वाढतात. यावर एक स्वस्त उपाय आहे. तार खाली येऊन घोडीला चिकटते तेव्हा तिची लांबी क्षणभर किंचित कमी होते. म्हणून रांगेची लांबी कायम न ठेवता, आकडा खाली गेला की रांग जराशी आखडू द्यायची. किती आखडायची हे कंपनाच्या जोरावर ठरवायचं. एवढ्यानेच आवाजात एकदम झणझणाट येतो. खरा तंबोरा तो नव्हे, पण दिशा बरोबर आहे.

पुढची पायरी महागडी आहे. तार घोडीवर कुठे टेकली, किती दाबली गेली, धाग्याने किती ऊर्जा खाल्ली, हे समीकरण प्रत्येक आकड्यासाठी सोडवायचं, सेकंदाला 44 हजार वेळा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले मार्टेन फान वालस्टाइन आणि त्यांचे सहकारी या कामात होते. 2016 साली त्यांनी वाजवता वाजवता चालेल असं तंबोऱ्याचं प्रतिरूप मांडलं. त्यात धागा आणि घोडी या दोन्हींना वेगळी जागा आहे. मिरजेचा कारागीर बोटाने धागा सरकवतो, तर इथे एक आकडा बदलायचा. मला या मार्गाचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की तो जवारीचा आवाज उचलत नाही, जवारी कशी होते ते करून पाहतो.

मग वापरायचं काय? रियाजासाठी नीट घेतलेले नमुने आजही सरस आहेत, असं माझं मत. गणिती तार शिकण्यासाठी आणि नवे आवाज शोधण्यासाठी उत्तम. नमुन्यांचा असो वा गणिताचा, कुठलाही तंबोरा निवडण्यापूर्वी मात्र एक परीक्षा घ्या. खर्जाची तार एकटी वाजवा आणि गंधार शोधा. कुठलीही तार गंधारात लावलेली नसते, पण 69.3 चा पाचवा उपस्वर 346.5 हर्टझवर येतो आणि चांगल्या जवारीत तो स्वतःहून वर येतो. पेटीचा गंधार 349.2 वर असतो, चौदा सेंट चढा. शेजारी पेटीची ती पट्टी दाबून धरलीत तर दोघांमधली थरथर मोजता येईल, सेकंदाला तीनच्या थोडी आत. ज्या अ‍ॅपमध्ये हा गंधार अजिबात सापडत नाही, त्यावर गळा लावू नका. सापडला तर पैसे वसूल.

शक्य असेल त्याने एकदा मिरजेला जाऊन घोडीवर धागा सरकताना समोर बसून ऐकावं. पुढच्या भागात तबला आणि हलगी घेऊ. एकावर शाई आहे, दुसरीवर नाही, आणि संगणकावर या दोघांना दोन अगदी वेगळ्या रीतींनी बांधावं लागतं.