राखीव प्रत : ग्राहकाचा हक्क आणि डॉक्टरांचे कर्तव्य

ग्रंथाची नक्कल करण्यास श्रम पडतात. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजेच सॉफ्टवेअरची, नक्कल क्षणार्धात आणि मुळाबरहुकूम होते. विक्रेता व ग्राहक यांच्यातील जुन्या वादाचे मूळ या सोयीतच आहे. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून, तुमच्यापैकी बहुतेक जण आज्ञावली विकत न घेता चोरता, अशी तक्रार केली होती. तक्रार निराधार नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून विक्रेत्यांनी पुढे नाना तऱ्हेची कुलपे शोधली. फ्लॉपीच्या चुंबकीय पृष्ठभागावर मुद्दाम एक सूक्ष्म खूण करीत. नकलेत ती उतरत नसे आणि आज्ञावली चालण्यास नकार देई. नंतर संगणकाच्या प्रिंटर पोर्टला, व पुढे यूएसबीला, लावण्याचे डोंगल आले.

अडचण अशी की, चोर कोण आणि धनी कोण हे कुलपाला कळत नाही. आमच्या बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात फ्लॉपीला बुरशी धरे. मूळ फ्लॉपी गेली की पैसे मोजून घेतलेली आज्ञावलीही गेली!

कायद्याने या अडचणीची दखल घेतली. अमेरिकेत १९८० सालच्या दुरुस्तीने आज्ञावलीच्या धन्यास राखीव प्रत काढण्याची मुभा मिळाली. १९८८ साली ‘व्हॉल्ट विरुद्ध क्वेड’ या खटल्यात, अशा खुणेला बगल देऊन प्रत काढणारी आज्ञावली विकणे हा हक्कभंग नव्हे, कारण तिचा राखीव प्रतीसाठी रास्त उपयोग होतो, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने दिला. मात्र १९९८ च्या कायद्याने पारडे फिरले. काही अपवाद वगळता, प्रवेश रोखणारे कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरले.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास हानी वा नाशापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. २०१२ साली आलेल्या कलम ६५ए ने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला, पण तो हक्कभंगाच्या उद्देशाने तोडणाऱ्यास. कायद्याने जे निषिद्ध मानलेले नाही, त्यासाठी केलेल्या कृतीस ते आड येत नाही. अर्थात ही मुभा म्हणजे चोरीचा परवाना नव्हे. एक परवाना घेऊन मित्राच्याही दवाखान्यात तीच आज्ञावली बसविणे ही राखीव प्रत नसून हक्कभंग आहे. दुसरीकडे, हक्क कागदावर असला तरी ग्राहकाच्या हाती किल्ली देण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. वर्गणीवर चालणाऱ्या आजच्या आज्ञावल्यांत तर प्रत काढावी असे हाती काही येतच नाही.

आपल्या व्यवसायाला हा प्रश्न येथे भिडतो. आज्ञावली विक्रेत्याची, हे मान्य; परंतु तिच्यातील रुग्णांच्या नोंदी विक्रेत्याच्या नव्हेत. माझ्या परिचयातील एका बालरोगतज्ज्ञांचे डोंगल निकामी झाले, तोवर ते पुरविणारी संस्थाच बंद पडलेली. नोंदींची फाइल डिस्कवर सुखरूप होती, पण ती उघडणारे काहीच उरले नव्हते. अखेर मातांनी जपलेल्या लसीकरणाच्या कार्डांवरून नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या. ज्यांची कार्डे हरवली होती, त्या मुलांच्या लशींच्या तारखा कायमच्या गेल्या.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे आवश्यक आहे. बालरोगतज्ज्ञास तीन वर्षे पुरत नाहीत. बाळाच्या वजन-उंचीचा आलेख वर्षानुवर्षे वाढत जातो. पहिल्या दोन वर्षांतील लशींचा दाखला परदेशी विद्यापीठ अठराव्या वर्षी मागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथेही कित्येक दिवस कागद-लेखणीवर काम चालवावे लागले. मग एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याची काय कथा?

म्हणून आज्ञावली घेण्यापूर्वी विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत. सर्व नोंदी इतरत्र उघडतील अशा सर्वसाधारण स्वरूपात बाहेर काढता येतात काय? डोंगल वा संगणक बिघडल्यास पर्यायी किल्ली किती दिवसांत मिळेल? वर्गणी थांबली किंवा संस्था बंद पडली, तर नोंदी वाचता येतील काय? याशिवाय राखीव प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतील एक इंटरनेटपासून अलग असावी, आणि ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. शीतसाखळी तुटलेली लस बाहेरून अगदी चांगल्या लशीसारखीच दिसते. न तपासलेल्या राखीव प्रतीचेही तसेच आहे.