ऊन पिकवा, पण सातबारा सोडू नका!

पनवेल तालुक्यातील जुन्या माणसापुढे जमिनीचा विषय काढला की तो आधी गप्प बसतो, आणि एकदा बोलू लागला म्हणजे सहसा थांबत नाही. कामोठ्यात आज जेथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत, तेथे एके काळी भातशेती होती, खाजणे होती आणि मिठागरेही होती. सकाळी मानसरोवर स्थानकाकडे धावणाऱ्या चाकरमान्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या नगरासाठी संपादन करण्याचे ठरले. ज्यांची जमीन गेली, त्यांना हाती पडलेली रक्कम किती दिवस पुरली, हे येथील आगरी-कोळी कुटुंबांना विचारावे. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारला करावी लागली. या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येईल. जमिनीचा पैसा येतो आणि जातो. जमीन मात्र एकदाच जाते.

ही जुनी कहाणी आम्ही आज पुन्हा का सांगत आहो, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमिनीला एक नवे गिऱ्हाईक आले आहे. त्याला कारखाना काढावयाचा नाही, की इमारती बांधावयाच्या नाहीत. त्याला हवे आहे ते त्या जमिनीवर पडणारे ऊन! माणदेशातील, खानदेशातील आणि मराठवाड्यातील माळांवर सौर विजेच्या काचपट्ट्यांच्या रांगा उभ्या राहत आहेत. कामोठ्यात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा हा घरचा प्रश्न आहे. नोकरीसाठी घाट उतरून ती येथे आली, सदनिका घेऊन स्थिरावली; पण गावाकडील सातबाऱ्यावर अजून वडिलांचे, चुलत्यांचे किंवा त्यांचे स्वतःचे नाव आहे. ती जमीन कसावयास कोणी उरलेले नाही आणि विकावयास मन होत नाही. अशा वेळी ‘तुमचे रान सौर प्रकल्पाला द्या’ असा निरोप गावाहून आला, तर काय उत्तर द्यावे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. जरूर द्यावे, पण भाड्याने द्यावे, विकून टाकू नये. सौर शेती ही खेड्याला वरदान ठरू शकते असे आम्ही मानतो. परंतु वरदान कोणाच्या पदरात पडणार, हे उन्हावर नव्हे, तर कागदावर ठरते.

प्रथम लाभाचा विचार करू. शहरातील माणूस रात्री बटण दाबून दिवा मालवतो आणि झोपतो. पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या नशिबी हे सुख वर्षानुवर्षे नव्हते. कृषिपंपांची वीज आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीपाळीने मिळावयाची. रात्रीची पाळी आली म्हणजे कंदील किंवा बॅटरी घेऊन, चिखल तुडवीत, सापाकिरड्यांतून आणि जुन्नरसारख्या भागात तर बिबट्याच्या धाकात त्याने दारे धरावयाची! ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणूनच अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या प्रत्येक मोर्चात ऐकू येत असे. सूर्य दिवसाच तळपतो. तेव्हा सूर्याची वीज दिवसाच्या सिंचनाला द्यावी, यापरते सरळ गणित दुसरे नाही.

हेच गणित मनात धरून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. योजनेची रीत सोपी आहे. गावाजवळील वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरांच्या आत सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीला जोडावयाची. वीज दूरवर वाहून न्यावी लागत नाही, त्यामुळे वाटेतील गळती कमी होते. ती पडते युनिटला तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या विजेच्या निम्म्याहूनही कमी खर्चात. या दुसऱ्या आवृत्तीतील ३ मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. शेतीच्या विजेतील तुटीचा भार आजवर इतर ग्राहकांच्या, विशेषतः कारखाने आणि दुकाने यांच्या बिलांतून भरून निघत आला आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल तर एप्रिल २०२४ पासून सरकारच भरते. म्हणजे माळावरची ही वीज स्वस्त पडली, तर कामोठ्यातील करदात्याचाही त्यात लाभ आहे.

आता जमीनमालकाच्या पदरात काय पडते ते पाहू. या योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला निदान १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. एकराचा हिशेब केला तर हे पन्नास हजार रुपये झाले. ज्या जिरायत रानात पाऊस आला तर बाजरी, नाही तर नुसती धूळ, त्या रानाने मालकाला निव्वळ एवढी रक्कम वर्षामागून वर्ष दिल्याचे उदाहरण शोधावेच लागेल. अवर्षण पडो की भाव कोसळो, हे पीक बुडत नाही. शिवाय ज्या गावात प्रकल्प होतो, त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये, याप्रमाणे तीन वर्षे मिळतात. लहानशा गावाला शाळेची दुरुस्ती किंवा पाण्याची टाकी यांसाठी ही रक्कम थोडी नव्हे.

‘अशाने सारी शेती काचेखाली जाईल आणि लोकांनी खावयाचे काय?’ अशी शंका काही सज्जन घेतात. तिचे निरसन अंकगणितानेच होईल. एक मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते. या योजनेचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचे आहे. म्हणजे झाले फार तर ऐंशी हजार एकर, सुमारे बत्तीस हजार हेक्टर. महाराष्ट्रातील पिकांखालील क्षेत्र दीड कोटी हेक्टरांहून अधिक आहे. पाचशे हेक्टरांमागे एखादा हेक्टर दिल्याने महाराष्ट्र उपाशी मरणार नाही. फक्त तो एक हेक्टर बागायतीचा नसावा, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

जमिनीचे काय होते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कारखाना उठला तरी मागे विषारी माती आणि काँक्रीटचे पाये उरतात. इमारत उभी राहिली की तेथील शेत कायमचे संपले. सौर प्रकल्पाचे तसे होण्याचे कारण नाही. लोखंडी खांब जमिनीत ठोकावयाचे आणि मुदत संपताच उपटून न्यावयाचे, अशी त्याची रचना करता येते. पंचवीस-तीस वर्षे नांगर आणि रासायनिक खते यांपासून सुटका झालेली माती विश्रांती घेते. सावलीत ओल टिकते, गवत वाढते, आणि त्या गवतावर मेंढ्या चरू शकतात. कोचीच्या विमानतळाचा सारा कारभार २०१५ पासून सौर विजेवर चालतो, आणि तेथील काचपट्ट्यांच्या मधून-खालून भाजीपाला पिकविला जातो. पट्ट्या धुतलेले पाणीच त्या भाजीच्या उपयोगी पडते. परंतु हे सारे आपोआप होत नाही. यंत्रे घालून वरची माती खरवडली, बांध मोडले, ओघळ बुजविले, झाडे तोडली, तर तोच माळ पहिल्या दोन पावसांत वाहून जाईल. वरदानाचा शाप होण्यास एवढा निष्काळजीपणा पुरेसा आहे.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हास अप्रामाणिकपणाचे वाटते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात विखरण नावाचे गाव आहे. तेथील धर्मा पाटील या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन सौर प्रकल्पासाठीच संपादन करण्यात आली होती. मोबदला मिळाला सुमारे ४ लाख रुपये! इतरांना मिळालेल्या रकमा याहून कितीतरी अधिक होत्या, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. ते गाऱ्हाणे घेऊन या वृद्धाने सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, आणि शेवटी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात जाऊन स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतले. सहा दिवसांनी त्यांचा अंत झाला. सूर्याच्या प्रकाशात याहून काळी घटना घडली नसेल. दोष सूर्याचा नव्हता, विजेचाही नव्हता. दोष होता तो शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावरून खोडून टाकणाऱ्या व्यवहाराचा. जासईत जे घडले आणि विखरणात जे घडले, त्यांत चौतीस वर्षांचे अंतर आहे. पण धडा एकच आहे.

शेजारच्या कर्नाटकाने वेगळी वाट धरली. तुमकूर जिल्ह्यातील पावगडा हा सदा दुष्काळी तालुका. तेथे सुमारे तेरा हजार एकरांवर दोन हजार मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, आणि त्यासाठी शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली. सुरुवातीचा दर होता एकरी वर्षाला २१ हजार रुपये. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. मात्र पावगड्याने एक उणीवही उघडी केली. ज्याची जमीन, त्याला भाडे मिळाले. पण जो त्या जमिनीवर मजुरी करी किंवा शेळ्यामेंढ्या चारी, त्याच्या हाती काय आले? प्रकल्पाच्या बांधणीपुरते काम मिळते खरे. पुढे मात्र राखण, गवत कापणे आणि पट्ट्या पुसणे यांसाठी मोजकीच माणसे लागतात.

महाराष्ट्राने या उणिवेची दखल अगोदरच घेतली पाहिजे. सौर प्रकल्पांसाठी अनेक ठिकाणी गायराने दिली जात आहेत. सरकारी दप्तरात ‘पडीक’ असा शेरा असला, तरी खेड्यात गायरान हे कधीच पडीक नसते. धनगराच्या मेंढ्या, भूमिहीनाची एखादी गाय, गरिबाघरची सरपणाची मोळी, यांचा तो आधार असतो. माळाचे गवत हीदेखील एक संपत्तीच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच गवताळ माळावर वसले आहे. म्हणून आमचे सांगणे असे की, ग्रामसभेच्या खुल्या संमतीवाचून गायरान देऊ नये. आणि दिले तर चराईचा हक्क करारात लिहून ठेवावा. ग्रामपंचायतीचा वाटा तीन वर्षांत संपता कामा नये. प्रकल्प जोवर उन्हाचे पैसे करतो, तोवर तो गावाला मिळाला पाहिजे. राखणीची आणि देखभालीची कामे गावातील भूमिहीनांना प्रथम द्यावीत. पट्ट्या धुण्यासाठी दुष्काळी गावाच्या विहिरीला हात लावू नये. आणि तीन टक्क्यांची भाडेवाढ महागाईपुढे टिकते की नाही, याची काही वर्षांनी फेरतपासणी व्हावी.

शेवटी कामोठ्यातील आमच्या वाचकांस दोन शब्द. गावाकडून कागद आला, तर केवळ भाड्याचा आकडा पाहून सही करू नका. मुदत किती, भाडे थकले तर उपाय काय, तुमच्या जमिनीवर दुसऱ्या कोणास कर्ज काढता येते काय, मुदतीअंती खांब कोणी काढावयाचे आणि माती पूर्ववत कोणी करावयाची, हे वाचा. दलालाच्या तोंडून ऐकू नका. वकिलाकडून समजून घ्या. आणि तुम्ही येथे असताना जो भाऊबंद किंवा वाटेकरी ती जमीन आजवर कसत आला, त्याला विचारल्यावाचून काही करू नका. कारण भाडे तुम्हास मिळेल, भाकरी मात्र त्याची जाईल.

ज्या मातीवर आज तुमचे घर उभे आहे, त्या मातीच्या मालकांना हे सांगावयास त्या वेळी कोणी नव्हते. तुम्हास सांगणारे आहेत. ऊन दररोज नवे उगवते. ते खुशाल भाड्याने द्या. जमीन तेवढी आपली ठेवा.