चढावर चढणारी बोट

स्पीडबोटीचा थ्रॉटल पुढे ढकलला की पहिली काही सेकंदं नाळ आभाळाकडे उठते, मागची बाजू रुतते, इंजिन ओरडतं आणि वेग मात्र वाढता वाढत नाही. बोट खरोखरच चढावर असते, स्वतःच उठवलेल्या लाटेच्या! वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. पाण्याला टेकलेली लांबी 16 फूट असेल, तर साधारण साडेपाच नॉटला लाट नेमकी बोटीएवढी होते आणि पुढचा प्रत्येक नॉट महाग पडू लागतो.

इंजिनात दम असेल तर बोट हा चढ ओलांडते. नाळ खाली येते, तळ वर निघतो. आता पाणी खाली रेटल्यामुळे जो उलटा दाब मिळतो, त्यावर बहुतेक वजन पेललं जातं. यालाच प्लेनिंग म्हणतात.

ते किती सहज साधेल हे तळ ठरवतो. मागची कड धारदार हवी, म्हणजे पाणी तिथे स्वच्छ तुटतं. ती गोलसर असली तर पाणी वळणाला चिकटून बोटीला खाली खेचतं. शेवटचे काही फूट सरळ हवेत. तिथे तळ किंचित वर वळलेला असला, तरी वेगात नाळ खालीवर डुलू लागते.

सपाट तळ सगळ्यांत कमी ताकदीत वर येतो, पण लाटेवर हाडं खिळखिळी करतो. ‘व्ही’ आकाराचा तळ लाट चिरतो; मात्र पाणी बाजूंना निसटतं आणि उचल घटते. म्हणून जुने आरेखक पुढे ‘व्ही’ देऊन मागे तळ सपाट करत. अमेरिकेच्या रे हंट यांनी खोल ‘व्ही’ थेट मागच्या कडेपर्यंत नेला आणि तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या जोडल्या. 1960च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात त्यांनी आरेखलेली ‘मॉपी’ ही बोट जिंकली.

मला त्या तळाची सर्वांत मोहवणारी गोष्ट वेगळीच वाटते. सपाट तळ वर उठला तरी त्याची पाण्यातली रुंदी तशीच राहते. ‘व्ही’ जसजसा उठतो, तसतसा पाण्यात अरुंद होत जातो. पट्ट्या निसटतं पाणी खाली वळवतात आणि वरचा तळ कोरडा ठेवतात. वेग वाढेल तशी एकेक पट्टी पाण्याबाहेर येते, आणि बोट त्या वेगाला लागेल तेवढीच रुंदी पाण्यात ठेवते.