हँडल फिरवून बघा, मग पैसे द्या

पेणच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही, बिघडला की नवा आणतात. रेडिओ तर लोक माळ्यावर टाकून विसरूनच गेले होते. ३ जून २०२० च्या बुधवारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर पुन्हा रेडिओ दिसायला लागले. कुणाच्या सेलचं पाणी होऊन स्प्रिंगा सडलेल्या, कुणाच्या डायलचा दोरा तुटलेला, एकाच्या स्पीकरमध्ये उंदराने पिल्लं घातलेली.

त्या दिवसांत कुणाला गाणी ऐकायची नव्हती. आळीआळीत पत्रे उडाले होते, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या कच्च्या मूर्ती भिजल्या होत्या, विजेचे खांब शेतात आडवे पडले होते. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे गेले. फोनचंही तेच. मोबाइलच्या टॉवरखाली बॅटऱ्या असतात, त्या काही तास निभावतात. पुढे जनरेटर लागतो, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलची गाडी यायला रस्ता मोकळा हवा. रस्त्यावर तर आंबे आणि वड आडवे. हातातला फोन चार्ज असला तरी त्याला बोलायला पलीकडे कोणी नव्हतं. मुलगा मुंबईत, तिथे कोरोना, आणि इथे बातमी शून्य.

तेव्हापासून दर वर्षी मेच्या अखेरीला गिऱ्हाईक ठरलेलं विचारतं, “काका, हँडलची बॅटरी आहे का? रेडिओवाली?” आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. एकाच डब्यात टॉर्च, रेडिओ, फोन चार्ज करायचं भोक, वर सोलरची पट्टी, बाजूला हँडल, कुठे कुठे भोंगासुद्धा. डबा दिसायला भारी असतो. मी विकतो, पण आधी गिऱ्हाइकाकडून हँडल फिरवून घेतो.

ही वस्तू नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये फिलिप्सने मुठीत धरून दाबायची डायनॅमोची टॉर्च काढली होती. सेल मिळत नव्हते आणि रात्री अंधार पाळावा लागे. रेडिओचं श्रेय ट्रेव्हर बेलिस या इंग्रज माणसाचं. १९९१ मध्ये त्याने आफ्रिकेतल्या एड्सवरचा कार्यक्रम पाहिला. सेल परवडत नाहीत म्हणून खेड्यांत रेडिओ बंद, आणि रेडिओ बंद म्हणून माहिती पोचत नाही, हे त्याला लागलं. त्याने चावीच्या घड्याळासारखी स्प्रिंग रेडिओत बसवली. स्प्रिंग गुंडाळायची, ती उलगडताना छोटा डायनॅमो फिरवणार. पुढे स्प्रिंग महाग पडते म्हणून ती गेली आणि तिच्या जागी आत चार्ज होणारा सेल आला. धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण मला विचाराल तर स्प्रिंगच चांगली होती. दहा वर्षं कपाटात ठेवली तरी ती मरत नाही. आतला सेल मरतो.

आता हँडलचा हिशोब. हा हिशोब ज्याला समजला त्याला दुकानदार फसवू शकत नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो सहा व्होल्टचा, तीन वॅटचा असायचा, आणि तोही पायाच्या जोरावर. तळहाताएवढ्या डब्याच्या हँडलमधून मनगटाच्या जोरावर दोन वॅट निघाले तरी खूप. आजच्या फोनची पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण एकोणीस वॅट-तास. दोन वॅटने ती भरायची तर नुसतं भागाकाराने साडेनऊ तास होतात, आणि वाटेत जाणारी गळती धरली तर बारासुद्धा. सलग बारा तास हँडल फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तेव्हा डब्यावर फोन चार्ज होतानाचं चित्र असेल तर ते चित्र म्हणूनच पाहावं. एखादा फोन करण्यापुरती धुगधुगी त्यातून येईल, तीही थेट नाही. हाताची वीज कमीजास्त होते आणि बरेच फोन ती घेतच नाहीत. आधी डब्यातला सेल भरायचा, मग त्यातून फोन. बटणांचा साधा फोन मात्र वेगळा. त्याची बॅटरी पाचव्या हिश्शाची आणि एकदा भरली की तो कित्येक दिवस जागा राहतो. घरात तसा एक असू द्या. पॉवर बँक त्याहून उपयोगी, ती पावसाआधी भरून ठेवा आणि हँडलला या कामातून सोडवा.

हेच दोन वॅट रेडिओला मात्र पुरून उरतात. लहान रेडिओ मध्यम आवाजात वॅटच्या पाचव्या हिश्शावर वाजतो. एक मिनिट फिरवलं तर गळती जाऊन पाच-सात मिनिटं ऐकायला मिळतं, म्हणजे बातम्या होतात. छोटा एलईडीही तसाच काटकसरी. हँडल या दोन कामांसाठी आहे, आणि दोन्हीत मी रेडिओला वर ठेवतो. उजेडाला मेणबत्ती, कंदील, देव्हाऱ्यातली समई, काहीतरी निघतं. बातमीला पर्याय निघत नाही.

सोलरच्या पट्टीबद्दल एकच सांगतो. आपल्याला हा डबा लागतो जून, जुलै, ऑगस्टमध्ये. त्या महिन्यांत पेणला सूर्य किती दिसतो हे तुम्हाला माहीत आहे.

तर दुकानात काय करायचं? टॉर्च चालू करून हँडल फिरवा, आणि मग टॉर्च बंद करून फिरवा. आतल्या डायनॅमोवर भार पडला की हँडल जड होतं. सेल उतरलेला असेल तर आणखी जड. ही वीज तयार होण्याची खूण आहे, तिला फसवता येत नाही. काही स्वस्त टॉर्चमध्ये हँडल नुसतं कर्रकर्र वाजतं, हाताला वजन लागतच नाही. अशा काही मी उघडल्या आहेत. आत घड्याळाचे बटणसेल बसवलेले, उजेड सगळा त्यांचा, आणि डायनॅमोची वायर नावापुरती. सेल संपले की वस्तू संपली. दाबायच्या टॉर्चमध्ये हा प्रकार जास्त.

मग हँडलचा सांधा बघा. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या बहुतेकांचा डायनॅमो ठणठणीत असतो. तुटलेली असते ती हँडल घडी होते तिथली प्लॅस्टिकची बिजागरी, नाहीतर आतल्या गियरचे दात. लांब हँडल मनगटाला सोपं जातं. आखूड हँडलने पाच मिनिटांत अंगठा भरून येतो. दोन्ही दिशांनी फिरणारं असेल तर उत्तम, घरात एखादं माणूस डावखुरं असतंच. फिरवताना डबा दुसऱ्या हातात नीट बसतो का तेही बघा, कारण ओल्या हाताने गुळगुळीत डबा निसटतो. आणि आत साधे पेन्सिल सेल घालायची सोय आहे ना? हे मी सर्वांत आधी विचारतो. पेन्सिल सेल वाडीवरच्या टपरीतही मिळतो. हँडल हा शेवटचा उपाय आहे. रोजचं काम सेलवर आणि चार्जिंगवर चाललं पाहिजे.

रेडिओकडे आता वळतो, कारण घोळ सगळा तिथे आहे. डायलवर नुसतं एफएम असेल तर घेऊ नका. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. पेणला गच्चीवर मुंबईचं एफएम लागेल, पण गागोद्याकडच्या वाड्यांवर किंवा रोह्याच्या डोंगराआडच्या गावांत त्याचा भरवसा धरता येत नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून पसरते, डोंगराला वळसा घालते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे. तो आकडा डायलवर खूण करून ठेवा. माझ्या दुकानातून गेलेल्या सेटवर त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका असतो.

दुकानात मीडियम वेव्ह लावली की खरखर ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडतं. ती खरखर रेडिओची नसते, वरच्या एलईडी ट्यूबची, मोबाइलच्या चार्जरची असते. सगळ्या गावाची वीज गेली की हा कचरा थांबतो आणि मीडियम वेव्ह लख्ख ऐकू येते. म्हणजे ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी ती सर्वांत साफ. विजा चमकत असतील तेव्हा मात्र कडकड येणारच. सेट आडवा धरून गोल फिरवून बघा: आत फेराइटची कांडी असते, तीच मीडियम वेव्हची एरियल, एका बाजूला आवाज भरतो आणि काटकोनात बुडतो. वरची ओढायची दांडी एफएमसाठी असते, ती कितीही ताणली तरी अस्मिता वाढणार नाही. काँक्रीटच्या खोलीत आवाज दबला तर खिडकीशी जा. हँडल फिरवता फिरवता स्टेशन ऐकून बघा, काही सेट फिरवताना स्वतःच इतका गोंगाट करतात की निवेदक बुडतो.

रोह्याच्या एक बाई लेकीने अमेरिकेहून पाठवलेला सुंदर लाल सेट घेऊन आल्या. “काका, यावर मुंबई लागतच नाही हो. पंचावन्नला हुंकार येतो, छप्पन्नला पण हुंकार.” सेट नवाकोरा, आकडे दाखवणारा. बिघाड काहीच नव्हता. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झवर मांडलेली आहेत, आपल्याकडे नऊ-नऊवर. त्यांचा सेट ५५० वरून थेट ५६० वर उडी मारायचा आणि ५५८ मध्येच राहायचं. काही सेटमध्ये दहाचं नऊ करायची सोय असते, पुस्तिकेत शोधावी लागते. त्यांच्या सेटमध्ये ती होती, म्हणून काम झालं. काट्याचा, गोल नॉबचा सेट असता तर हा प्रश्नच आला नसता. त्याच सेटवर ‘डब्ल्यूबी’ नावाचं बटण होतं. तिकडे सरकारी हवामान खातं १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चोवीस तास हवामान सांगतं, त्यासाठी ते. आपल्याकडे त्या पट्टीवर तसलं काही नाही. त्या बटणासाठी जास्त पैसे मोजू नका. परदेशातून कोणी पाठवणार असेल तर त्यांना काट्याचा, मीडियम वेव्हचा सेट सांगा आणि बाकीच्या पैशांचे बदाम मागवा.

फोनमध्ये एफएम असतं, मग वेगळा सेट कशाला, असं कॉलेजची मुलं विचारतात. काही फोनमध्ये असतं, इअरफोनची वायर लावल्याशिवाय ते लागत नाही, मीडियम वेव्ह त्यात नसतेच, आणि ते ज्या बॅटरीवर चालतं तिच्यावर घरच्यांना शेवटचा फोन करायचा असतो. २०२३ मध्ये सरकारने फोनवर धोक्याचे मोठ्या आवाजाचे संदेश पाठवण्याच्या चाचण्या सुरू केल्या, ती गोष्ट चांगली आहे. टॉवर उभा असेपर्यंत.

टॉर्चबद्दल माझं मत थोडं कडू आहे. हँडलच्या डब्यातली टॉर्च घरातली आहे, बाहेरची नाही. छताकडे तोंड करून ठेवली की खोलीभर मऊ उजेड पडतो, जेवण होतं, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येतं. तेवढंच तिचं काम. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात, दादर-रावे-वाशी या गावांकडे, उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली का बघायला जावं लागतं. तिथे लांब मारा करणारी सेलची मोठी बॅटरी हवी, हँडलची नेऊ नये. एका हातात काठी, एका हातात बॅटरी, फिरवायचं कुणी? डोंगरावर तर कपाळाला बांधायची हवी, दोन्ही हात मोकळे राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा मदतीची माणसं अंधारात, पावसात, पायवाटेने वर चढली. गाडी तिथवर जातच नव्हती. तसल्या वाटेवर हात रिकामा असणं म्हणजे काय, हे चढणाऱ्यालाच कळेल.

पाण्यापासून बचाव असं डब्यावर लिहिलेलं असेल तर चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण ओढून बघा. ते सैल असेल तर लिहिलेलं विसरा. आमच्या हवेत मीठ आहे, पितळी पट्टीसुद्धा वर्षभरात हिरवी होते. मी सेट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवायला सांगतो, आणि तो डबा पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावर. अंबा आणि कुंडलिका नद्यांच्या काठच्या घरांत तळमजल्यावर ठेवलेली वस्तू पुराच्या रात्री हाताशी येत नाही. १९८९ च्या जुलैतल्या पुरात जांभूळपाड्यात काय झालं ते जुन्या माणसांना विचारा.

पेन्सिल सेल डब्यात पण सेटच्या बाहेर ठेवायचे, आत घालून ठेवले की फुटतात आणि पट्ट्या खातात. आतला चार्ज होणारा सेल महिना-दोन महिन्यांनी थोडा भरायचा, नाहीतर तो कायमचा बसतो आणि मग हँडल फिरवत असेपर्यंतच उजेड, थांबलात की काळोख. तसा बसलेला सेल बदलता येतो. मागचे चार स्क्रू, दोन वायरी, अर्ध्या तासाचं काम. फक्त पावसाळ्याआधी या, जूनमध्ये माझ्याकडे रांग असते आणि तुटलेल्या हँडलची बिजागरी मला मुंबईहून मागवावी लागते.