तुणतुण्याची दांडी

संगीतावर लिहिणाऱ्यांनी स्वराची, रागाची आणि गायकीची जेवढी चिकित्सा केली, तिच्या शतांशानेही तो स्वर ज्या काष्ठखंडाच्या आधाराने उभा राहतो त्याची केली नाही. आणि गोंधळ्याच्या व वाघ्याच्या काखेत जन्म काढणाऱ्या तुणतुण्याची दांडी तर विद्वानांच्या विचाराचा विषय क्वचितच झाली असेल. वस्तुतः कोणतेही तंतुवाद्य घेतले तरी त्याचा प्रपंच एवढाच की, ताणलेली तार आपली दोन टोके अहोरात्र जवळ ओढू पाहते आणि मधले लाकूड त्यांना एकमेकांजवळ येऊ देत नाही. ही ओढाताण बहुतेक वाद्यांत नक्षीकामाखाली झाकलेली असते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत रूढ असलेल्या लोकवाद्यांत मात्र ती डोळ्यांना धडधडीत दिसते.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरगड आहे, आणि तेथील रेणुकेशी गोंधळाच्या उत्पत्तीची कथा जोडलेली आहे. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या मस्तकात त्याच्याच शिरांचा तंतू ओवला आणि ते वाद्य वाजवीत तो आईच्या दर्शनाला आला, असे ही कथा सांगते. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले रेणुकेचे उपासक, दुसरे तुळजाभवानीचे. तुळजापूर लातूरपासून दूर नाही, त्यामुळे लातूरकडच्या खेड्यांतून भवानीचे आराधी आणि त्यांचे चौंडके यांचा वावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. कथेतल्या वाद्याला दांडी नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण चौंडक्यालाही ती नसते. पोकळ लाकडी खोड, त्याच्या तळाला मढवलेले कातडे, कातड्यातून वर आलेली तात, आणि त्या तातीचे दुसरे टोक वाजवणाऱ्याच्या मुठीत. म्हणजे ताण सोसण्याचे काम येथे माणसाच्या हाताकडे आहे. हात आवळला की स्वर चढतो, सैल पडला की उतरतो, आणि रात्र सरता सरता हात थकतो तेव्हा स्वरालाही त्याची खबर लागते.

तुणतुण्याने हा भार हातावरून काढून बांबूवर घातला. तेच पोकळ खोड, तळाला तसेच बकऱ्याचे कातडे. परंतु खोडाच्या बाहेरच्या अंगाला हातभराहून लांब काठी खिळ्यांनी ठोकलेली, आणि तिच्या शेंड्याला खुंटी. तार कातड्याच्या मध्यातून निघते, खाली चकतीला अडकलेली असते आणि वर खुंटीला जाऊन आवळली जाते. रचना इतकी साधी की शहरी माणूस तिला खेळणे समजून पुढे जातो. पण थोडे थांबून पाहिले तर तिच्यात एक खरी अडचण दिसते. तार खोडाच्या मध्यातून निघते आणि दांडी मात्र त्याच्या कडेला आहे. त्यामुळे तारेचा ओढा दांडीला नुसता खाली दाबत नाही, तर तिला आतल्या बाजूला वाकवतो, आणि त्या वाकवण्याचा सगळा जोर जेथे काठी खोडाला जडवली आहे त्या दोन-चार खिळ्यांवर येतो.

हा ओढा किती, याचा हिशेब मांडता येतो. पाऊण मीटर लांबीची आणि 0.3 मिलिमीटर जाडीची पोलादी तार सेकंदाला 220 आंदोलनांच्या स्वरात लावली, तर तिच्यावर सुमारे 6 किलोंचा ताण येतो. भरलेली लहानशी कळशी त्या दांडीच्या शेंड्याला अष्टौप्रहर टांगून ठेवावी, तसा हा प्रकार. ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा तारेचा कायदा आहे. गायकाने काळी एकऐवजी काळी दोनचा सूर मागितला तर दांडीवरचा भार चतुर्थांशाहून थोडा अधिक वाढतो, आणि त्याच तारेवर तार सप्तकाचा षड्ज मागितला तर भार चौपट होऊन, दांडी मोडण्याच्या आधी बहुधा तारच तुटते.

लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते; घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबर वाघ्या-मुरळींचीही तेथे दाटी असते. तेथे एका वयस्क वाघ्याला तुणतुणे लावताना मी जवळून पाहिले. दव पडू लागले की कातडे ओलावा धरते, खचते आणि स्वर उतरतो. थंडीने तार आखडते आणि स्वर चढवू पाहते. या दोन विरुद्ध ओढ्यांत कातड्याचा पगडा भारी ठरतो. त्या वृद्धाने आधी वाद्याचा तळ शेकोटीच्या झळीपुढे धरला, अंगठ्याने कातडे दाबून पाहिले, मगच खुंटीला हात घातला. कार्यक्रम उरकल्यावर त्याने खुंटी दोन वेढे उलटी फिरवून तार सैल केली. विचारले तेव्हा म्हणाला, “रातभर ताणून ठिवलं तर काठी कमान धरती, मालक.” सतत भाराखाली राहिलेले लाकूड वा बांबू कायमचा वाक घेतो, हे पदार्थविज्ञानाचे पुस्तक जे सांगते तेच त्याने पाच-सात शब्दांत सांगितले. त्याच्या काठीची पाठ न तासता जशीच्या तशी ठेवलेली होती, आणि तेही योग्यच; कारण बांबूचे बळकट तंतू सालीलगतच दाट असतात, आणि दिसायला गुळगुळीत व्हावी म्हणून जो ही साल काढतो तो काठीचे बरेचसे बळ काढून टाकतो.

याच मुलुखात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात, आणि त्यांत वीणा पहाऱ्यापहाऱ्याने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, भुईला टेकत नाही. वारकऱ्यांच्या अशा वीणा मिरजेत घडतात, जेथे पटवर्धनांच्या संस्थानात फरीदसाहेब आणि मोहद्दीन शिकलगार या शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचा उद्योग उभा केला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लातूर निजामी अमलात होते, तरी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातुरास पोचली होती आणि 1927 मध्ये तोच रूळ पंढरपुरावरून मिरजेपर्यंत गेला. विठ्ठलाचे गाव आणि वीणेचे गाव लातुराशी एका रुळाने जोडले जावे, हा योग मला फार मोलाचा वाटतो. मिरजेचा कारागीर तुणिच्या लाकडाची दांडी आतून कोरून पोकळ करतो आणि वरून पातळ फळीने झाकतो. तंबोऱ्याच्या चारही तारांचा ताण मिळून 15 किलोंच्या आसपास असतो. एवढ्या मंद ताणाला अशी बंद, पोकळ दांडी पुरते, आणि पोकळपणामुळे ती वजनाला हलकीही राहते.

त्याच 1927 साली अमेरिकेत मार्टिन कंपनीने टेनर गिटार बाजारात आणले. यालाही चारच तारा, परंतु त्या ताठ पोलादाच्या आणि उंच स्वरात लावलेल्या. त्यांचा एकत्रित ताण 40 किलोंच्या घरात जातो आणि मान बारीक असते. केवळ लाकडाच्या भरवशावर हा ओढा सोपवणे धोक्याचे, म्हणून मार्टिनचे कारागीर मानेच्या गर्भात प्रथम शिसवासारख्या कठीण आबनुसाची पट्टी घालीत, पुढे 1934 पासून टी आकाराची पोलादी पट्टी घालू लागले; महायुद्धात पोलाद दुर्मिळ झाले तेव्हा पुन्हा आबनुसाकडे वळले. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू याने मात्र स्क्रूने आवळता येणाऱ्या सळईचे पेटंट 1923 मध्येच मिळवले होते. तारा मानेला एका बाजूने वाकवतात, सळई तिला उलट बाजूला खेचते. ही युक्ती निःसंशय बुद्धिमान आहे, परंतु तिच्यात वाद्याचे वजन वाढते आणि बिघाड झाला तर मान उघडावी लागते. तुणतुण्याची काठी फाटली तर खिळे उपसून नवी काठी बसवता येते. खोड, कातडे आणि त्यांचा वर्षानुवर्षे मुरलेला आवाज जागच्या जागी राहतो. ज्या वाद्याला रात्री-अपरात्री, पावसात, गाडीच्या टपावर फिरायचे आहे, त्याला हीच रचना अधिक शहाणपणाची आहे, असे माझे मत आहे.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि लातुरात त्याचा उपपरिसर आहे. त्यांच्या दप्तरी या दोन्ही जिल्ह्यांतील तुणतुण्यांची व चौंडक्यांची नोंद व्हावी, आणि ती केवळ छायाचित्रांची नसावी: काठीची लांबी व जाडी, पेर कोठे येते, खिळे किती आणि कोठे, तारेची जाडी, खोडाचे लाकूड, कातड्याचा व्यास, आणि वाजवणारा कोणत्या स्वरात लावतो तो स्वर. एवढी मापे हाती असली की एखाद्या गोंधळ्याच्या घरातले जुने वाद्य मोडले तरी सुताराला त्याच मापाचे दुसरे करून देता येईल.